किती वेळ लागला? पायथनमधील घड्याळे आणि काळाचा प्रश्न

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम किती वेळात पुरा होतो हे पाहण्याची रीत साधी आहे. कोडच्या आधी घड्याळ वाचायचे, कोड चालू द्यायचा, मग पुन्हा घड्याळ वाचायचे आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. काम दोन-तीन ओळींचे. मात्र वजाबाकी करून हाती आलेला आकडा नेमका कशाचा, असे विचारले की उत्तर चटकन सुचत नाही. तो कोडचा गुण म्हणावा, यंत्राचा म्हणावा, की बाहेर चाललेल्या काळाचा एक तुकडा? काळ ही स्वतंत्र वस्तू आहे की बुद्धीने केलेली जुळवाजुळव, हा दर्शनांमधला जुना वाद इथे प्रत्यक्ष कामात उतरतो. तत्त्वचर्चेत चुकीची बाजू घेतली तर फार तर वादात हार होते. इथे आकडाच खोटा निघतो.

वैशेषिक दर्शनात काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, खुणांवरून त्याचे अनुमान करावे लागते. कणादांच्या सूत्रांत या खुणा दिल्या आहेत: एक गोष्ट आधीची आणि दुसरी नंतरची वाटणे, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या असे वाटणे, एखादे काम रेंगाळले तर एखादे झटकन उरकले असे वाटणे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्या कोडबद्दल पडणारे प्रश्न जवळजवळ हेच असतात. काय आधी चालले, काय बरोबरीने चालले, काय हळू चालले आणि काय जलद. द्रव्य म्हणून काळ एकच, नित्य आणि सर्वव्यापी आहे. क्षण, मुहूर्त, दिवस, महिना हे भेद त्याचे स्वतःचे नसून उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडल्या गेलेल्या गोष्टींमुळे, दिसतात, आणि मुख्य उपाधी म्हणजे सूर्याची गती, असे या परंपरेचे म्हणणे. ॲरिस्टॉटलनेही आपल्या ‘फिजिक्स’ या ग्रंथात काळाची व्याख्या गतीच्या आधारेच केली: आधी आणि नंतर या क्रमाने मोजलेली गतीची संख्या.

दोन्हीकडचा निष्कर्ष कामाचा आहे. काळ थेट मोजता येत नाही. एका हालचालीशी दुसरी हालचाल ताडून पाहता येते, इतकेच. पूर्वी लग्नाचा मुहूर्त पाहताना पाण्यावर घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. संगणकात वाटीच्या जागी क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या कंपनांच्या आधाराने एक मोजणी पुढे सरकत राहते. ‘हे फंक्शन अर्ध्या सेकंदात झाले’ याचा अर्थ, फंक्शन चालू असताना ही मोजणी इतकी पुढे गेली. खुद्द सेकंदही 1967 पासून अशाच हालचालीवर बेतला आहे: सीझियम-133 अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची 9,192,631,770 आवर्तने. सूर्याची जागा अणूने घेतली, उपाधी मात्र सुटली नाही.

उपाधी एकच असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण पायथनच्या ‘टाइम’ मॉड्यूलमध्ये घड्याळे अनेक आहेत आणि त्यांची जात वेगळी आहे.

पहिले घड्याळ व्यवहाराचे. ते विचारेल तेव्हा 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, किती सेकंद झाले ते सांगते. फाइल कधी बदलली, बिल कधी निघाले यांसाठी ते योग्यच. कोड मोजायला मात्र ते धोक्याचे. स्फटिकाची गती तापमानाने किंचित बदलते, त्यामुळे हे घड्याळ नेटवर्कवरच्या अधिक अचूक घड्याळांशी जुळवून घेत असते, आणि जुळवताना ते मागेही सरकू शकते. दोन वाचनांच्या मध्ये असे झाले तर वजाबाकी उणे येते: काम सुरू होण्याआधीच संपले! यात लीप सेकंदाची भर. पृथ्वीचे फिरणे आणि अणुघड्याळे यांचा मेळ राखण्यासाठी 1972 पासून 27 वेळा एकेक सेकंद घालण्यात आला, शेवटचा 31 डिसेंबर 2016 रोजी. युनिक्सच्या, म्हणजे 1970 पासूनच्या या मोजणीत जादा सेकंदाला जागाच नाही, त्यामुळे तिथे एक आकडा दोनदा वापरावा लागतो. ही पद्धत उशिरात उशिरा 2035 पर्यंत बदलायची, असे वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2022 मध्ये ठरवले आहे.

या त्रासावर तोड म्हणून 2012 मध्ये पायथनच्या 3.3 या व्हर्जनमध्ये ‘मोनोटॉनिक’ आणि ‘परफ काउंटर’ ही घड्याळे आली. ही घड्याळे एकच हमी देतात: पुढे जातील, मागे कधीच येणार नाहीत. आणि एक गोष्ट ती सोडून देतात. त्यांचा शून्य कुठे आहे हे ठरलेले नाही. अशा घड्याळातले एकटे वाचन निरर्थक असते; अर्थ येतो तो दोन वाचनांच्या फरकालाच, असे पायथनचे दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगते. तारीख, वार, वर्ष, आरंभबिंदू हे सगळे गळून पडले तरी मोजमाप होऊ शकते. गळता कामा नये तो फक्त क्रम. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच्याही पुढचे पाऊल टाकले. एकमेकांपासून दूर असलेल्या संगणकांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. तरीही निरोप पाठवणे हे तो मिळण्याच्या आधी घडते, एवढ्या एका आधारावर घटनांचा क्रम लावता येतो, त्यासाठी घड्याळ लागत नाही. पर आणि अपर, म्हणजे आधीचे आणि नंतरचे, यांना कणादांनी काळाची खूण मानले, ते सेकंदाहून मूलभूत असल्याचे यावरून पटते.

तिसरे घड्याळ सगळ्यांत विचार करायला लावणारे आहे. ‘प्रोसेस टाइम’ हे घड्याळ जगात किती वेळ गेला हे पाहतच नाही. प्रोसेसरने या प्रोग्रामसाठी प्रत्यक्ष किती वेळ दिला तेवढेच ते मोजते. एक छोटा प्रयोग यातला फरक दाखवतो. प्रोग्रामला ‘स्लीप’ ही आज्ञा देऊन एक सेकंद झोपवायचे, आणि आधी व नंतर दोन्ही घड्याळे वाचायची. परफ काउंटर एका सेकंदाहून किंचित जास्त दाखवतो. प्रोसेस टाइम जवळजवळ शून्य दाखवतो. दोघांपैकी कुणीही चुकलेले नाही. वाट पाहणाऱ्या माणसाचा एक सेकंद गेला, प्रोग्रामचा काहीच गेला नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात रैवत ककुद्मीची कथा आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथे गायन चालू असल्याने क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगे उलटलेली असतात. मनात योजलेल्या वरांपैकी कुणी उरलेला नसतो. किती काळ गेला, या प्रश्नाला तिथे एक उत्तर नाही. कुणाचा, हे आधी सांगावे लागते.

हा भेद न ओळखल्याचा खरा दाखला पायथनच्याच इतिहासात आहे. जुन्या व्हर्जनमध्ये ‘क्लॉक’ नावाचे एक फंक्शन होते. युनिक्सवर ते प्रोसेसरचा वेळ सांगे. विंडोजवर पहिल्यांदा हाक मारल्यापासून बाहेर गेलेला वेळ सांगे. म्हणजे एकच प्रोग्राम, त्यातली तीच ओळ, आणि दोन यंत्रांवर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे, तीही कसलीही सूचना न देता. वाट पाहण्यात वेळ घालवणारा कोड एकीकडे चपळ ठरे आणि दुसरीकडे मंद. 3.3 मध्ये हे फंक्शन टाळावे असे जाहीर झाले आणि 2019 च्या 3.8 मध्ये ते काढूनच टाकले. निर्णय योग्य होता. दोन अर्थांच्या काळाला एका नावाखाली ठेवले की वाद कधी संपत नाहीत, हे दर्शनांच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

घड्याळ नीट निवडले तरी त्या घड्याळाचा खर्च उरतोच. घड्याळ वाचणे हासुद्धा कोडच आहे, त्यालाही वेळ लागतो. मग मोजण्याला लागलेला वेळ कशाने मोजायचा? आणि तो मोजायला लागलेला वेळ? नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणवाद्यांना हेच विचारले होते: प्रमेय, म्हणजे जाणायची वस्तू, प्रमाणाने, म्हणजे जाणण्याच्या साधनाने, सिद्ध होते, तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर अनवस्था, म्हणजे कधी न संपणारी साखळी; आपोआप म्हटले तर प्रमेयाने काय घोडे मारले? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर तराजूचे उत्तर आहे. तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण असतो. त्याच तराजूविषयी शंका आली की ज्याचे वजन ठाऊक आहे असे सोने घालून तराजू तपासता येतो, तेव्हा तो प्रमेय होतो. प्रमाण आणि प्रमेय या दोन वेगळ्या जाती नसून एकाच वस्तूच्या पाळीपाळीने येणाऱ्या भूमिका आहेत. ‘टाइमइट’ हे पायथनमधले मोजणीचे साधन वापरणारे जाणकार हेच करतात. काहीच न करणारे ‘पास’ हे विधान आधी मोजून पाहतात. त्याला लागलेला वेळ हा साधनाचा स्वतःचा खर्च. नागार्जुनाची शंका यामुळे मुळापासून मिटत नाही, पण काम करणाऱ्याला जितकी खात्री हवी तितकी मिळते, आणि नैयायिकांचा दावाही तेवढाच होता.

टाइमइट आत काय करते ते जवळून पाहण्याजोगे आहे. आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके घेतो. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा सुमारे 10 सेंटिमीटरच जातो. एवढ्या बारीक पट्टीवर पायथनचे एकटे विधान मोजू गेले तर घड्याळ वाचण्याचा खर्चच त्याच्या बरोबरीचा होतो. म्हणून वेगळा आकडा दिला नाही तर टाइमइट तेच विधान 10 लाख वेळा चालवते. एकूण वेळाला फेऱ्यांच्या संख्येने भागले की एका फेरीचा आकडा मिळतो. तो आकडा कुठल्याही एका फेरीचा मात्र नसतो. पहिल्या फेरीला जास्त लागला असेल, सातशेव्या फेरीच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोसेसर दुसऱ्याच कामाला दिला असेल. भागाकाराने आलेली फेरी कधी घडलेलीच नाही.

शिवाय मोजणी चालू असताना टाइमइट पायथनचे ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करणारी सफाई, बंद ठेवते. हेतू हा की सफाई मध्येच येऊन आकडे विस्कटू नयेत. पण भराभर वस्तू निर्माण करून टाकून देणाऱ्या कोडची सफाई हा त्या कोडचाच खर्च नाही का? प्रधान कर्म कोणते आणि अंग कोणते, अंगाचे श्रम प्रधानाच्या खाती घालायचे की नाहीत, हा विचार मीमांसकांनी यज्ञाच्या संदर्भात फार बारकाईने केला. इथेही प्रश्न तसाच सोडवावा लागतो, हेतू पाहून. दोन लहान विधानांची तुलना करायची असेल तर सफाई बाजूला ठेवावी. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरचा कोड असेल तर ती चालू ठेवूनच मोजावे. टाइमइटमध्ये तशी सोयही आहे.

खरा मतभेद पुढे आहे. टाइमइट हा सगळा प्रयोग पाच वेळा करते आणि पाच आकडे देते. यांतला कोणता घ्यावा? दस्तऐवजीकरणाचा सल्ला सर्वांत लहान आकडा घेण्याचा. त्यामागचा तर्क असा की इतर प्रोग्राम, डिस्क, नेटवर्क यांचे अडथळे वेळ वाढवतात, कमी करत नाहीत. तेव्हा लहानात लहान आकड्यात भेसळ सर्वांत कमी, आणि तोच या यंत्रावर या कोडच्या खऱ्या वेगाच्या सर्वांत जवळचा. व्हिक्टर स्टिनर यांना हे पटले नाही. नवी घड्याळे आणणाऱ्या 2012 च्या प्रस्तावाच्या लेखकांपैकी ते एक. त्यांनी पुढे ‘पायपर्फ’ हे साधन तयार केले. ते तेच काम अनेक स्वतंत्र प्रोसेसमध्ये पुन्हा पुन्हा करून सरासरी देते, आणि आकडे किती विखुरलेले आहेत हेही सांगते. कारण प्रत्येक प्रोसेस सुरू होताना काही गोष्टी नशिबाने ठरतात: मेमरीतले पत्ते, हॅशचे बीज. एखाद्या वेळी मांडणी अनुकूल पडते आणि कोड नेहमीपेक्षा जलद धावतो. सर्वांत लहान आकडा निवडणारा अशा वेळी शुद्ध वेग निवडत नाही, नशीब निवडतो.

या वादात संख्याशास्त्राहून मोठा प्रश्न आहे. पहिला पक्ष मानतो की सर्व उपाधी दूर केल्यावर मागे उरणारा असा कोडचा एक निजवेग आहे. दुसरा पक्ष मानतो की वेग म्हणजे वापरणाऱ्याच्या वाट्याला येणारा अनुभव, आणि त्यातली अनिश्चितता हा त्याचाच भाग. 2009 मध्ये मित्कोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी दाखवून दिले की युनिक्समधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामशी काही संबंध नसलेला आजूबाजूचा मजकूर, लांब-आखूड केला तरी प्रोग्रामचा वेग बदलतो, आणि तोही असा की एखादी सुधारणा फायद्याची की तोट्याची हा निकाल फिरू शकतो. त्यांचे प्रयोग सी भाषेतल्या प्रोग्रामवर होते. पण पायथनचा प्रचलित इंटरप्रिटर स्वतः सी मध्येच लिहिलेला असल्याने पायथन त्यातून सुटत नाही. यानंतर निजवेगाची कल्पना धरून ठेवणे कठीण आहे. सगळे संदर्भ सोलून काढले तर कोडपाशी वेग नावाचे काही शिल्लक राहत नाही. वस्तूला आपला स्वतःचा असा स्वभाव नाही, ती कारणसामग्रीवर अवलंबून आहे, हे माध्यमिकांचे, म्हणजे नागार्जुनाच्या परंपरेचे, म्हणणे इथे शब्दशः लागू पडते. मात्र त्याचा अर्थ वेग खोटा आहे असा होत नाही, आणि माध्यमिकांनीही व्यवहार खोटा ठरवला नव्हता. याच सामग्रीत मोजलेल्या दोन कोडमधला फरक खराच असतो.

टाइमइटच्या दस्तऐवजीकरणातले उदाहरण याच दृष्टीने वाचावे. 0 ते 99 हे आकडे मध्ये जोडचिन्ह घालून एका ओळीत गुंफण्याच्या तीन रीती तिथे दिल्या आहेत. वेळ अनुक्रमे 30.2, 27.5 आणि 23.2 मायक्रोसेकंद. दुसऱ्या यंत्रावर हे तिन्ही आकडे वेगळे येतील, याबद्दल शंका नको. तिसरी रीत पहिलीपेक्षा जलद, हा क्रम टिकण्याचा संभव बराच जास्त. इथेही आकड्याहून क्रम चिवट.

तोच कोड पुन्हा चालवला, असे म्हणण्यातही एक गृहीत आहे. 2022 मध्ये आलेल्या पायथन 3.11 पासून इंटरप्रिटर चालता चालता शिकतो. एखाद्या ठिकाणी सतत पूर्णांकांचीच बेरीज होते असे दिसले की तिथली सर्वसाधारण सूचना बदलून तो पूर्णांकांसाठीची खास सूचना बसवतो. लिहिलेली ओळ तीच. पण शंभरावी फेरी आतून पहिल्या फेरीसारखी नसते. बौद्ध क्षणिकवादी म्हणतील की सारखेपणामुळे एकत्वाचा भास होतो, प्रत्येक क्षणी वस्तू वेगळीच. नैयायिक म्हणतील की ‘ही तीच’ या प्रत्यभिज्ञेला बाध येत नाही तोवर वस्तू एक. कोड मोजणाऱ्याला इथे बौद्धांकडे झुकावे लागते. सुरुवातीच्या फेऱ्या ‘वॉर्म-अप’ म्हणून वगळाव्यात की नाही हे त्याला ठरवावे लागते, आणि एकदाच चालून संपणाऱ्या छोट्या स्क्रिप्टच्या बाबतीत त्या वगळणे म्हणजे खरा खर्चच लपवणे.

आता काळ वस्तू की जुळवाजुळव, या मूळ वादाकडे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादावरील व्यासभाष्यात क्षणाची व्याख्या आहे: परमाणूला आपली जागा सोडून लगतच्या जागी पोहोचायला लागणारा अवधी. क्षण खरा आहे, असे भाष्य मानते. मात्र दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. त्यामुळे मुहूर्त, दिवस, रात्र हे क्षणांचे समूह बाहेर कुठे नसतात, बुद्धी ते रचते. संत ऑगस्टिननेही आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात असाच विचार केला: गेलेला काळ उरलेला नाही, तेव्हा मोजला जातो तो मनात राहिलेला ठसा. कोड मोजताना हे डोळ्यांसमोर घडते. दुसरे वाचन येते तेव्हा पहिल्या वाचनाचा क्षण संपलेला असतो. तो एका व्हेरिएबलमध्ये आकडा म्हणून साठवला होता, म्हणूनच वजाबाकी करता येते. साठवणही निर्दोष नसते. दशांश संख्यांच्या नेहमीच्या साठवणीत 53 बिटांची जागा असते. घड्याळाचा आकडा सुमारे 104 दिवसांच्या पलीकडे गेला की त्यात एकेक नॅनोसेकंद वेगळा दाखवता येत नाही. म्हणून 2018 च्या पायथन 3.7 मध्ये पूर्ण नॅनोसेकंदांत उत्तर देणारी फंक्शन्स वेगळी आणावी लागली.

यावरून निकाल वाटून द्यावा लागतो. ‘किती’ या बाबतीत योगभाष्य बरोबर आहे: अवधी रचला जातो, स्मृतीत आणि वजाबाकीत. ‘आधी की नंतर’ या बाबतीत वैशेषिकांचा आग्रह योग्य आहे: तो क्रम कुणी रचत नाही, आणि तो मोडला की घड्याळ घड्याळ राहत नाही. नुसते ‘0.02 सेकंद लागले’ हे विधान म्हणून अपुरे आहे. त्यासोबत घड्याळ कोणते, पायथनचे व्हर्जन आणि प्रोसेसर कोणता, किती प्रोसेस आणि किती फेऱ्या, वॉर्म-अप धरला की वगळला, सफाई चालू होती की बंद, आणि दिलेला आकडा सर्वांत लहान आहे की सरासरी, एवढे तरी लिहिलेले असावे. ज्या आकड्यासोबत हे नाही, त्याच्या भरवशावर कोड बदलू नये.